गोमुखाला पाणी येण्याची वेळ

माझे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आजोबा पायदळात. वडील पोलिसात गेले आणि मी भूगोल शिकवायला. घराण्याचा पराक्रम पिढीगणिक कसा ओसरत गेला ते यावरून ध्यानात येईल. स्कूटरला उतार लागला की मी दोन्ही पाय खाली सोडून चालवतो. पोरांकडून सगळ्या नद्यांचे उगम घोकून घेतो, पण मला स्वतःला पोहता येत नाही. आणि असा मी, वाडीतला जुना पोहण्याचा हौद पुन्हा उभा करायला निघालेल्या समितीचा चिटणीस होतो. कसा झालो ते सांगतो. निवडीच्या वेळी मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो, परत येईतो टाळ्या वाजत होत्या.

हौद संस्थानच्या काळात लोकांसाठी बांधलेला. भोवती दगडी ओटा, ओट्यावर कमानींची पडवी, कपडे बदलायच्या खोल्यांची रांग. एका टोकाला पायऱ्या आणि उथळ पाणी, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोली. त्या खोल टोकाच्या भिंतीत दगडी गोमुख, त्यातून पाणी पडायचं. ‘पडायचं’ म्हणतो ते ऐकून. माझ्या आठवणीत हौद कायम कोरडा. लहानपणी आम्ही त्यात क्रिकेट खेळलो, नंतर त्यात लोकांनी कचरा टाकला, त्यानंतर तो कुणाला दिसेनासाच झाला.

मग ते दिवस आले जेव्हा बडोद्यात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले, घराघरात केबल शिरली आणि शहराबाहेरची शेतं लग्नांना भाड्याने जाऊन त्यांना एकाएकी पार्टी प्लॉट म्हणायला लागले. आमच्या हौदाच्या जागी दुकानांची तीन मजली इमारत होणार अशी बातमी आली, आणि आम्हाला हौद दिसू लागला. दुसऱ्याने मागितल्याशिवाय आपली वस्तू आपल्याला दिसत नाही. पुढचं वर्षभर आम्ही कचेऱ्यांचे जिने चढलो-उतरलो, आणि शेवटी ती जागा समाजकेंद्र चालवण्यासाठी आमच्या समितीकडे आली.

साफसफाईचा पहिला रविवार मी जन्मात विसरणार नाही. अख्खी गल्ली झाडू, घमेली, बादल्या घेऊन आली. शेजारचे गुजराती आले, त्यांच्या घरचे फाफडे आले, पाठोपाठ कढी आली. वरचा कचरा निघाला, मग माती, मग मातीखालून चेंडू निघू लागले. टेनिसचे, रबराचे, शिवण उसवलेले लेदरचे. बँकेत अधिकारी असलेला एक टकला गृहस्थ घमेल्यातून एक चेंडू काढून, हा माझा आहे, तुम्ही त्या दिवशी मला बाद दिलंत ते चुकीचं होतं, म्हणून भांडायला उठला. आणि दुपारी, खोल टोकाला, कुणाच्या तरी झाडूखाली एक निळी फरशी चमकली. तिच्या शेजारी पांढरी. पुन्हा निळी. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून वेड्यासारखे हातांनी माती लोटायला लागलो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या हौदाचा तळ निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झाला होता, आणि माझे दोन्ही तळहात सोललेले होते. घरी हिने हळद लावताना विचारलं, शाळेत फळा पुसायला तुम्हाला पोरगा लागतो ना?

त्या रात्री आत्या जेवली नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मुलींच्या शाळेत कसरतीच्या बाई होती, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे. तिला राग आला असेल म्हणून मी घाबरत खोलीत गेलो, तर ती खिडकीशी बसली होती. तळ दिसला म्हणे? तिने विचारलं. मी दिसला म्हटलं. मग ती बोलत राहिली. हौदावर सकाळची एक वेळ बायकांची असायची, दाराला पडदा लागायचा. ती नऊवारीचा कासोटा घट्ट मारून पोहायला शिकली, पुढे तिने कितीतरी मुलींना शिकवलं. आता तिचे दोन्ही गुडघे गेले होते. देवळाच्या चार पायऱ्यांना ती अर्ध्या वाटेत थांबायची. डॉक्टर म्हणाले होते, रस्त्यावर चालू नका, पाण्यात चाला. अलकापुरीकडच्या एका क्लबात मी चौकशी करून आलो होतो. तिथे नऊवारी चालत नव्हती आणि आत्याला दुसरं काही चालत नव्हतं.

“मला एकदा त्या पाण्यात उतरव,” ती म्हणाली. “गुडघे आहेत तोवर. मग तुमचं केंद्र करा नाहीतर काहीही करा.”

मी हो म्हटलं. हो म्हणणं हा माझा स्वभाव आहे, त्याचे परिणाम इतरांना भोगावे लागतात.

कारण त्याच आठवड्यात मी दादालाही हो म्हटलं होतं. दादा माझा चुलतभाऊ, गोरव्यात यंत्राचे सुटे भाग करायचा त्याचा कारखाना, आणि समितीचा अध्यक्ष. त्याचं म्हणणं सरळ होतं. हौदात मुरूम भरायचा, वर लादी घालायची, झालं सभागृह. लग्न, मुंज, हळदीकुंकू, रक्तदान, सगळं घरच्या जागेत. त्याची मुलगी लग्नाची होती आणि पार्टी प्लॉटवाल्यांनी त्याला घाम फोडला होता. तो दुष्ट नव्हता हो. आत्याच्या हातचे धपाटे खाऊनच मोठा झालेला. पण कोरड्या हौदात पाणी आणणार कुठून, असं तो विचारायचा. सभेत मी आत्याची बाजू अशी काही मांडली की सभेने दादाच्या बाजूने मत दिलं.

मुरूम यायला लागला. पादरा गावाच्या बाजूचा एक ट्रॅक्टरवाला ठरला होता. पहिल्या काही खेपा ओट्यावर पडल्या, विटांचे ढीग लागले, आणि बाकीच्या खेपा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन थेट हौदात पडायच्या होत्या. त्याआधी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, सत्यनारायण. पूजेशिवाय आमच्याकडे खिळाही ठोकला जात नाही. ओटा मुरमाने भरलेला, म्हणून पूजा हौदाच्या तळातच करायची ठरली. तीही खोल टोकाला, कारण तिथे भिंतींची सावली आणि गोमुखाच्या खाली केळीचे खांब शोभून दिसतात.

आत्या फक्त म्हणाली, गोमुखाची नळी एकदा तपासून तरी बघा. तिच्या समाधानासाठी दादाने नळकाम करणाऱ्या काकांना बोलावलं. पूजेच्याच दिवशी, टळटळीत दुपारी, आम्ही पाच-सहा पुरुष भिंतीमागच्या बोळकांडीत उभे राहिलो. काकांनी लोखंडी चाकाला तेल पाजलं, पान्याला पाइप लावून लोंबकळले, आणि चाक फिरलं. गोमुखातून काहीच आलं नाही. थोडा वेळ वाट पाहिली, एक पाल बाहेर आली, तेवढंच.

“मरी गयो छे पाइप,” काका म्हणाले. चाक परत फिरवायला गेलं तर मोडेल, तेव्हा राहू दे उघडंच. कोरडी नळी उघडी काय आणि बंद काय. दादाने मान हलवली, मी मान हलवली, सगळ्यांनी हलवली. बायका घरी शिऱ्याचा रवा भाजत होत्या, त्यामुळे तिथे शहाणं माणूस एकही नव्हतं.

घरी येऊन मी आत्याला सांगितलं, नळी गेली. ती बरं म्हणाली आणि नऊवारी नेसायला आत गेली. बाहेर आली ती कासोटा घट्ट खोचून. पूजेला पैठणी नेसायची सोडून हे काय, असं हिने विचारलं. त्या हौदात मी दुसऱ्या कशात गेलेच नाही कधी, आत्या म्हणाली.

यजमान मी. म्हणजे आम्ही दोघं. कारण पुन्हा तेच, जोडपं कुठलं बसवायचं हे ठरत होतं तेव्हा मी हो म्हटलं. मी वडिलांचा लाल रेशमी कद नेसलो, तो माझ्या पोटाभोवती कसाबसा पुरला. माझ्या उपरण्याला हिच्या शालूची गाठ. आमच्यासमोर चौरंग, चौरंगाखाली उंचीसाठी मुरमाबरोबर आलेल्या विटा. पाठीमागे उतारावर सतरंज्या आणि त्यावर सगळी वाडी बसलेली, पुढे पुरुष, वर उथळ भागात बायका. आत्या वरच्या पायरीवर खुर्चीत. आमचे प्रमुख पाहुणे, त्या भागातले एक पुढारी, यायचे होते चारला. ते आले उन्हं उतरल्यावर, तोवर पूजा थांबलेली. ही बडोद्याची रीतच आहे, पण त्या दिवशी तिला फार महत्त्व आलं.

गुरुजी आवाजाने खणखणीत. तीन अध्याय झाले. चौथ्यात ती मुलगी येते, नवरा परत आल्याचं ऐकून ती प्रसाद न घेताच पूजेवरून उठून धावते, आणि किनाऱ्याला लागलेली नौका नवऱ्यासकट पाण्यात जाते. दर वेळी इथे सगळ्या श्रोत्यांची पाठ ताठ होते. आमच्यात प्रसाद घेतल्याशिवाय उठणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. गुरुजी म्हणाले, नौका बुडाली. आणि गोमुख खाकरलं.

आधी वाटलं गुरुजीच. मग भिंतीच्या पोटातून लांबलचक गुडगुड आली, एखादा म्हातारा झोपेतून उठताना करतो तशी. गोमुखातून धूळ उडाली. दोन पारवे माझ्या डोक्यावरून फडफडत गेले. हिने चौरंगावरची नजर न काढता मला हळूच विचारलं, “दिवेलागण झाली का?”

झाली असावी, मी म्हटलं.

“मग पाणी यायची वेळ झाली.”

मी म्हटलं, दुपारी तपासलं तेव्हा काही आलं नव्हतं. ती म्हणाली, “दुपारी कुणाकडे येतं पाणी?” जन्मापासून मी त्या घरात राहत होतो. आमच्या गल्लीत पाणी दिवेलागणीला येतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण बादली भरलेली असते एवढंच मला ठाऊक. दादालाही नव्हतं. समितीतल्या एकाही माणसाला नव्हतं. मुहूर्त काढताना आम्ही पंचांगाचं पान न् पान पाहिलं होतं.

पहिलं पाणी गंजाचं, तांबडं, थुंकल्यासारखं. मग दोन-तीन उचक्या. आणि मग एकदम मनगटाएवढी धार केळीच्या खांबांवरून उडी मारून माझ्या पाठीमागे पडली. हौदात ‘ओ’ असा एकच आवाज झाला. मागचा एकजण अर्धवट उठला आणि त्याच्या आईने त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. प्रसाद झाला नव्हता. नौका नुकतीच बुडाली होती. कोण उठणार?

उतारामुळे पाणी सगळं खोल टोकाला, म्हणजे माझ्याकडे जमत होतं. आधी पाट ओला झाला, मग कद, मग कदाच्या आतलं. कदाचा लाल रंग सुटायला लागला. माझ्याभोवती गुलाबी तळं पसरत चाललं आणि ते पाहून पुढारी साहेबांनी विचारलं, यजमानांना काही लागलंय का? दादाचं डोकं मात्र ताळ्यावर होतं. तो बसल्या जागेवरून हातवारे करत होता, लाइट बंद, माइक बंद. ओट्यावरच्या माणसाने बटणं बंद केली. आता फक्त समया आणि पौर्णिमेचं उगवतं चांदणं, आणि माइकशिवाय गुरुजींचा आवाज, आणि धारेचा. गुरुजींनी एक पाय पाटावर घेतला, वर बघितलं, म्हणाले, गोमुखातून येतंय, गंगाच समजायची, आणि पाचवा अध्याय धरला. इतक्या वेगात पाचवा अध्याय मी पुन्हा ऐकला नाही.

मला भीती वाटत होती का? पोटापर्यंत पाण्यात बसलेल्या, पोहता न येणाऱ्या, बायकोला गाठीने बांधलेल्या माणसाला वाटेल तेवढी. पण खरं सांगतो, त्याहून जास्त दुसरंच काहीतरी होत होतं. माझ्या पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या पाण्यातून हलायला लागल्या होत्या. वाडीतले लोक, ज्यांना मी जन्मभर भाजी आणि भाडं यावरून भांडताना पाहिलं, ते मांडी घालून पाण्यात बसले होते आणि त्यांचे चेहरे पोरांसारखे झाले होते. बँकेतला टकला हळूच पाण्यावर तळहात आपटत होता.

आरती उभ्याने झाली, पाणी पुढच्या लोकांच्या पोटऱ्यांना. टाळ्यांबरोबर पाणी उडत होतं आणि कुणी कुणाला रागावत नव्हतं. मग बायकांनी शिऱ्याचे द्रोण हातोहात खाली पाठवले. शेवटचा द्रोण पुढाऱ्यांना मिळाला. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, बूट काखेत होते. शिरा तोंडात टाकून ते म्हणाले, “आ तो चालू छे.” हौद चालू आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. भाषण त्यांनी केलं नाही.

प्रसाद मिळाला. आता उठून जायला कुणाची हरकत नव्हती.

कुणी गेलं नाही.

तेवढ्यात वर पायऱ्यांवर हालचाल झाली. आत्या द्रोण खुर्चीवर ठेवून कठड्याला धरून उतरत होती. देवळाच्या चार पायऱ्यांना थांबणारी बाई. मी गाठ सोडायला गेलो, ती ओली होऊन अशी बसली होती की सुटेना. हिने उपरणंच माझ्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि मला ढकललं. आत्या उतारावरून पाण्यात शिरली, घोट्यांपर्यंत, पोटऱ्यांपर्यंत. जसं पाणी वर चढलं तशी तिची चाल सरळ होत गेली. लोक बाजूला झाले. ती गोमुखापर्यंत आली, धारेखाली हात धरला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, पाठीखाली हात दे.

मी दिला. ती मागे रेलली. नऊवारीत हवा भरून ती भोवती फुगली. चांदण्यात तिचा चेहरा वर होता, कान पाण्याखाली.

“हात काढ,” ती म्हणाली.

मी काढला नाही. माझी तेवढी हिंमत नव्हती. तिने पुन्हा सांगितलं, मुलींच्या शाळेतल्या मैदानभर पोचणाऱ्या आवाजात, तेव्हा काढला. ती तिथेच राहिली. गुडघाभरापेक्षा थोड्या जास्त पाण्यात, हालचाल न करता, तरंगत. वरच्या बायकांतून कुणीतरी हसलं, मग कुणीतरी रडलं असावं, आणि आत्याच्या वयाची एक म्हातारी, मलाही हिनेच शिकवलं होतं, असं सगळ्यांना सांगत पायऱ्या उतरायला लागली.

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याचे कडक इस्त्रीचे कपडे अंगाला चिकटले होते. तो बराच वेळ आत्याकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारलं, पादऱ्याच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर कुणाकडे आहे. मी म्हटलं, तुझ्याकडेच. त्याने खिशातून ओला कागद काढला, अंक फुटले होते, पण वाचता येत होते.

“मुलीचं लग्न ओट्यावर करू,” तो म्हणाला. “पाण्याच्या काठाला. तसा पार्टी प्लॉट कुणाकडे आहे?”

आणि तो तसाच ठिबकत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे गेला. बूथवाल्याने त्याला आत घेतलं नाही, बाहेर उभं करून रिसीव्हर दिला, असं नंतर कळलं.

लग्न तिथेच झालं. ओट्यावरचा मुरूम मागच्या अंगणात पसरून तिथे मुलांचं खेळायचं मैदान झालं. कपडे बदलायच्या खोल्यांत शिवणाचा वर्ग, वाचनालय आणि तबल्याची शिकवणी चालते. भिंती जाड असल्याने तबला वाचणाऱ्यांपर्यंत पोचत नाही असं आमच्या समितीचं मत आहे, वाचणाऱ्यांचं वेगळं आहे. हौद कमरेएवढा भरतो, त्याहून जास्त भरू नये असा ठराव चिटणिसाने आग्रहाने मांडला होता. आणि कुठलाही कार्यक्रम ठरवायचा झाला की गुरुजींच्या आधी आता हिला विचारतात.

सकाळची पहिली वेळ बायकांची. दाराला पडदा लागतो. त्यानंतर आमची, घाबरटांची वेळ. आत्या काठावर खुर्ची टाकून बसते, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी मी तिला सांगून पाहिलं की मी भूगोलाचा माणूस आहे, माझं काम पाणी नकाशावर दाखवण्याचं. तिने शिट्टी वाजवली, आणि माझ्या पाठीखाली हात द्यायला दादाला पाण्यात उतरवलं.